गुलाबाच्या पोटातला प्राणवायू

रोझेट तेजोमेघाच्या फोटोतून लाल तेवढा वेगळा काढला की मधोमध भोक दिसतं. पाकळ्या आहेत, त्यांच्यातल्या काळ्या चिरा आहेत, गाभा मात्र गायब. मग त्याच फोटोतले हिरवे-निळे ठिपके जमवून दुसरं चित्र केलं, तर करड्या, खरखरीत पडद्यावर नेमकं ते भोकच भरून आलेलं, पाकळ्याच विरल्या. दोन्ही चित्रं एकाच कॅमेऱ्याची, एकाच रात्रीची, शेजारच्या सोसायटीचे पांढरे दिवे ऐन भरात असताना पुण्यातल्या गच्चीवरून घेतलेली. फोटो रंगवायचा राहिला बाजूला, मी त्या करड्या चित्राकडेच बघत बसलो.

कॅमेरा मुळात रंगीत. संवेदकाच्या प्रत्येक ठिपक्यावर रंगीत काच असते. चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट 1976 मध्ये मिळालं. माणसाच्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे जास्त कळतात, म्हणून हिरव्याला दुप्पट जागा. लग्नं, बारशी, महाबळेश्वरच्या सहली टिपायला उत्तमच. तेजोमेघ मात्र मोजक्याच तरंगलांबींवर उजळतात. ड्युअल-बँड फिल्टर त्यांतल्या दोन आत सोडतो: हायड्रोजनची 656.3 नॅनोमीटरची तांबडी आणि ऑक्सिजनची 500.7 ची हिरवट-निळी. पहिली जवळजवळ सगळी लाल ठिपक्यांवर पडते, दुसरी हिरव्या आणि निळ्या दोन्हींवर. म्हणून नेहमीसारखं डिबेयर करायचं नाही, म्हणजे शेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळून रंगीत चित्र करायचं नाही, ठिपके आधीच वेगळे करायचे. सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार स्क्रिप्ट आहे. हायड्रोजनला पाव ठिपके मिळतात, ऑक्सिजनला पाऊण. तरी ऑक्सिजन फिका तो फिकाच.

या 500.7 च्या रेषेवर माझा जीव आहे. तिनं भल्याभल्यांना साठ वर्षं झुलवलं. 1864 च्या ऑगस्टमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालिय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा नाहीच. मोजक्या सुट्या, तेजस्वी रेषा. म्हणजे तो ताऱ्यांचा पुंजका नसून वायू होता. त्यांतली ठळक हिरवी रेषा मात्र पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. पुढे तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ हे नवं मूलद्रव्य कल्पण्यात आलं. नॉर्मन लॉकियर यांचं म्हणणं वेगळं होतं: ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड, आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे.

या वादात पुणंही होतं. स्वतःच्या कौतुकात कसूर न करणारं हे शहर ही गोष्ट कशी विसरलं, कोण जाणे. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तिचं नाव. डब्लिनच्या ग्रबची 20 इंची परावर्तक दुर्बीण तिथे होती. त्या काळात देशात त्याहून मोठी नव्हती. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची तीच हिरवी रेषा तपासली. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेला विरत जातो. यांना मात्र रेषा बारीक आणि रेखीव दिसली. 1891 मध्ये त्यांनी ते छापूनही टाकलं. लॉकियर म्हणजे त्या काळचं केवढं प्रस्थ, आणि त्यांच्या विरोधात पुण्याहून एक प्राध्यापक शांतपणे लिहितो, की रेषा तशी नाही.

हेच लॉकियर 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला विजयदुर्गावर आले होते. हेलियमचा शोध त्यांनी 1868 मध्ये त्या किल्ल्यावरून लावला, असं आपल्याकडे हौसेनं सांगतात. त्या वर्षी ते इंग्लंडातच होते. नायगमवालांनी 1898 चं ग्रहण जेऊरला पाहिलं. ते 1912 मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली.

कोडं सुटलं 1927 मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवलं, की नेब्युलियम वगैरे काही नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे. तो प्रकाश सोडण्याआधी सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वाट बघतो. इथे पृथ्वीवर तेवढ्या वेळात त्याला कुणी ना कुणी धडकतंच. तेजोमेघात शेजारी लांब असतात. शिवाय हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, ऑक्सिजनचा दुसरा काढायला 35 लागतात. एवढा जोर फक्त अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांत. रोझेटच्या मध्यभागी असे तरुण तारे आहेत, म्हणून प्राणवायूची ही रेषा त्यांच्या आसपास उजळते.

आता रंग. हायड्रोजनला लाल, ऑक्सिजनला हिरवा-निळा, एवढ्यावर मी थांबतो. हबल दुर्बिणीच्या 1995 च्या चित्रातल्या वायूच्या त्या प्रसिद्ध खांबांत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा दिला होता. तिथे तीन वायू होते, म्हणून तीन रंग. आता दोनच रेषांना सूत्रांत घोळवून सोनेरी छटा काढतात आणि तिला हबलचं नाव देतात. त्या सोन्यात गंधकाचा कणही नसतो. गंधक हवा असेल तर वेगळा फिल्टर लावून वेगळी रात्र घालवावी, कारण त्याचा प्रकाशही त्याच लाल ठिपक्यांवर पडतो. ऑक्सिजन ताणून, म्हणजे त्याचा फिका प्रकाश उजळवून, हायड्रोजनच्या बरोबरीला आणणं मला चालतं, नाहीतर तो दिसणारच नाही. चोरून ताणणं आवडत नाही.

तेव्हा फोटोखाली दुर्बीण, कॅमेरा, एक्स्पोजर लिहिता, तशी आणखी एक ओळ लिहा: कुठल्या वायूला कुठला रंग दिला आणि ऑक्सिजन किती ताणला. आणि जमलं तर ती दोन करडी चित्रंही शेजारी लावा.