मार्कांना ‘साकु’ नाही

आमच्या घरात दहावीचे मार्क तीन राज्यांच्या तराजूत तोलले जातात. माझं माहेर बेळगावचं. तिथं एसेसेल्सी म्हटलं की हिशेब ६२५ चा. पहिली भाषा १२५ ची, बाकीचे पाच विषय शंभराचे. सासर कोल्हापूरचं. तिथं सहांतले चांगले पाच विषय धरून ५००, वर चित्रकलेचे नि खेळाचे जादा गुण. आणि आम्ही राहतो सुरतेत, म्हणजे गुजरात बोर्ड. इथं आधी ग्रेड विचारतात. ९१ पासून वर ए-वन, ८१ ते ९० ए-टू. शिवाय पर्सेंटाईल रँक वेगळी. ‘पीआर केटला आव्या?’ हा शेजारणीचा पहिला प्रश्न.

ए-वनचं इथं भारी वेड. निकालाच्या दिवशी शाळेच्या आवारात ढोल वाजतात, पोरं गरबा खेळतात. ते बघायला छानच वाटतं. मग चौकाचौकात क्लासवाल्यांचे फलक लागतात, त्यावर पासपोर्ट फोटोंच्या रांगा. ए-टूवाल्याचा फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या धाकटीची दहावी झाली. मार्चमध्ये शेवटचा पेपर देऊन आली आणि त्याच रात्री जेवताना यांनी अकरावी सायन्सच्या बॅचची तारीख सांगितली. आठच दिवस मध्ये होते. धाकटीनं ताटावर हात आडवा धरला नि म्हणाली, “साकु.”

हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. ती कन्नड शिकलेली नाही. पण अज्जी वाढताना “साका?” म्हणून विचारते आणि “साकु” म्हटल्याशिवाय हात थांबवत नाही, त्यामुळे तो तिच्या तोंडात बसलाय. मला वाटलं भाताला म्हणतेय.

“अभ्यासाचा कंटाळा नाही गं मम्मी,” नंतर भांडी आवरताना सांगत होती. “नववीत सगळे म्हणाले, एवढी दहावी होऊ दे. आता म्हणतात, एवढी बारावी. मग गुजसेट. त्यानंतर काय म्हणणार तेही मला माहितीय. एक तरी दिवस असा असतो का, की झालं म्हणून?”

यांचं म्हणणं, सगळीच मुलं जातात, ही एकटी मागे पडेल. तेही खोटं नाही. इथं सुट्टी म्हणजे पुढच्या वर्षाचा पहिला भाग, हे सगळ्यांनी मान्यच केलंय.

पण सुरतेतल्या आईला सुट्टीतला क्लास म्हटलं की एक तारीख आठवते. २४ मे २०१९. सरथाणा भागातली तक्षशिला नावाची व्यापारी इमारत, वरच्या मजल्यावर सुट्टीतले वर्ग चालू. आग लागली, बाहेर पडायची वाट बंद झाली, मुलांनी वरून उड्या टाकल्या. २२ जीव गेले. दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल लागला आणि गेलेल्यांपैकी तीन मुली पास झाल्या होत्या. आग लागली त्याला मार्क कारण नव्हते, हे मला कळतं. बांधकाम, जिना, अग्निशमनाची सोय, सगळंच सदोष होतं. तरी त्या तीन गुणपत्रकांचं घरच्यांनी काय केलं असेल, हा विचार आजही सुटत नाही. पुढं तपासणी होईपर्यंत शहरातले क्लास बंद ठेवले होते. तेव्हा आमच्या सोसायटीत भर दुपारी पोरं खाली खेळताना दिसली. एरवी त्या वेळी तिथं फक्त स्कूटर उभ्या असतात.

मी यांच्याशी वाद घातला नाही. बेळगावचं तिकीट काढलं आणि धाकटीला दीड महिना अज्जीकडं पाठवून दिलं. तिथं तिनं काय केलं? फारसं काही नाही. दुपारी झोपली, मावसभावंडांबरोबर शहापूरच्या गल्लीत हिंडली, कन्नड पाट्या वाचायला शिकली. तेवढ्यासाठी कुणी ग्रेड देत नाही, म्हणूनच शिकली असावी.

निकाल मे महिन्यात लागला तेव्हा ती तिथंच होती. ६०० पैकी ५००, ए-टू. अक्कानं लगेच कागद घेतला. “म्हणजे आपल्याकडचे ५२१ झाले की!” कोल्हापूरहून जाऊबाईंचा फोन, “आमच्याकडं ४१७ धरा, चित्रकला असती तर अजून वाढले असते.” अज्जीनं विचारलं, “पास झाली न्हवं?” आणि कुंद्याचा पुडा आणायला माणूस पिटाळला.

जूनमध्ये धाकटी बॅचला गेली. बाकीच्यांचे दोन धडे पुढं झाले होते. ते तिनं मैत्रिणीच्या वहीवरून उतरून घेतले. हे अजून अधूनमधून त्या दोन धड्यांची आठवण काढतात. ती ऐकून घेते. यंदाच्या एप्रिलसाठी बेळगावच्या गाडीचं वेळापत्रक तिनं आत्ताच कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय, नि यांना ते अजून दिसलेलं नाही.