दोन नकार आणि एक नकाशा

मागच्या वर्षी आमच्या घरात डोळ्यांवरून दोन नकार आले. एक धाकट्या भावाला, एक मला. दोन्ही नकार एकाच शस्त्रक्रियेशी जोडलेले होते. पण एका नकाराने आम्ही चिडलो आणि दुसऱ्याने मी सुटकेचा श्वास सोडला. असं का झालं, हे समजायला मला बरेच महिने लागले. ते इथे मांडते, कारण आपल्या वस्त्यांतली अनेक पोरं आज याच वळणावर उभी आहेत.

भाऊ आयटीआय फिटर. वर्ध्यासारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्या पोराला रेल्वेचं वेड लागलं तर नवल नाही. त्याला असिस्टंट लोको पायलट व्हायचं होतं. अभ्यास चांगला होता, पण डोळ्यांवर सव्वादोनचा मायनस नंबर. या पदासाठी रेल्वेचं वैद्यकीय मानक ए-वन. म्हणजे दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय सहा-बटा-सहा दिसलं पाहिजे. क्लासमधल्या मित्रांनी सांगितलं, लेझर करून घे, चष्मा जातो, नोकरी लागते.

आम्ही नागपूरला एका खाजगी केंद्रात गेलो. एसी हॉल, पडद्यावर फिरणारा डोळा, समोर हसतमुख काउन्सिलर. त्यांनी साध्या लेझरऐवजी 'कस्टम' लेझर सुचवलं. प्रत्येकाच्या बुबुळाचा नकाशा काढून त्याच नकाशाप्रमाणे लेझर फिरवायचं. दोन्ही डोळ्यांचे नव्वद हजार, महिनाअखेरपर्यंत सवलत. सरकारी नोकरीचं विचारलं, तर उत्तर आलं, "सगळीकडे चालतं."

घरी हिशोब मांडला. आईच्या बचत गटातून तीस हजार, बाकी माझी एफडी मोडायची. आई लगेच तयार झाली. मी मात्र त्या रात्री भरतीची जुनी जाहिरात उघडली आणि वैद्यकीय मानकांचा भाग ओळ न ओळ वाचला. त्यात स्पष्ट होतं : दृष्टिदोष घालवण्यासाठी लॅसिक किंवा तशी दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदासाठी अपात्र.

भावाला दाखवलं. तो बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिला.

"ताई, म्हंजे चष्मा असला तरी नाई अन् काढला तरी नाई?"

"हो बाबू."

"मंग मले दिसते किती, हे कोणी पाहतच नाई का?"

त्याचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. समाजशास्त्रात एम. ए. करताना मी 'वर्ग', 'श्रेणी', 'कलंक' असे शब्द पानंच्या पानं लिहिले. पण त्यांचा अर्थ भावाने एका वाक्यात सांगितला. त्याला किती दिसतं हे कोणी मोजलंच नाही. तो 'लॅसिकवाला' या खणात पडला की संपलं.

आता दुसरा नकार.

भावाचे पैसे वाचले, तेव्हा आईच म्हणाली, "मंग तूच करून घे. तुया लग्नाचंही सोपं होईल." माझा नंबर साडेपाच. बघायला येणाऱ्यांच्या नजरा आधी चष्म्याच्या जाड काचेवर अडतात, हे मी तिशी ओलांडेपर्यंत अनेकदा अनुभवलं आहे. आपल्या वस्तीत चौकाचौकात चष्मा लावलेल्या महामानवाचा पुतळा आहे, तरी पोरीच्या चष्म्याला आपणच नावं ठेवतो. बाबासाहेबांची दृष्टी अखेरच्या वर्षांत अधू होत गेली, तरी लिहिणं-वाचणं त्यांनी सोडलं नाही. हे भाषणात सांगणारी मी, मनातून मात्र मलाही चष्मा नको होता. कबूल करते.

मी सावंगीला राहते. १९९० साली इथे वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि त्याच्या भोवती मेस, वसतिगृहं, औषधांची दुकानं उभी राहिली. पंचक्रोशीतल्या पेशंटना ओपीडीच्या रांगेत नेऊन उभं करणं हे माझ्या कामातलंच. त्यामुळे विचारायला डॉक्टर आहेत. ओळखीच्या एका नेत्रतज्ज्ञ मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी नकाशा काढू, मग बोलू." आठवडाभर चष्म्यावरच राहायचं, कॉन्टॅक्ट लेन्स वापरायची नाही, असं सांगितलं. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा खोटा येतो.

हे सगळं नेमकं काय असतं ते थोडक्यात सांगते. डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचशे-साडेपाचशे मायक्रॉन. मायनस नंबरवाल्या डोळ्यात प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळते. कॉर्निया मधोमध थोडा सपाट केला की ती मागे सरकते. हे काम करणारा एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांचा. तो आजूबाजूचा भाग न भाजता पेशींचा थर अलगद उडवतो. हा गुण १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत सापडला. शोधणाऱ्या तिघांपैकी एक, रंगस्वामी श्रीनिवासन, मूळचे मद्रासचे. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनी तो लेझर चालवून पाहिला होता!

साधं लेझर चष्म्याचा नंबर पाहून फिरतं. माझा साडेपाच आणि तुमचा साडेपाच, दोघांना जवळजवळ एकच माप. कस्टम लेझर त्यापुढे जातं. त्यात दोन प्रकार. एकात प्रकाशाची लाट डोळ्यात पाठवून ती बाहेर येताना कुठे वाकडी झाली ते मोजतात. हे तंत्र दुर्बिणीतून तारे पाहणाऱ्या खगोलशास्त्राकडून आलेलं आहे. दुसऱ्यात कॉर्नियाच्या पृष्ठभागाचे चढउतार टिपतात. याच्या एका प्रचलित पद्धतीत २२,००० पर्यंत बिंदू घेतले जातात. रात्री दिव्याभोवती वलय दिसणं, प्रकाश पसरणं असे त्रास यामुळे कमी होऊ शकतात. पूर्ण जातीलच याची हमी नाही. शिवाय चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा कोणत्याच नकाशाने टळत नाही.

माझा नकाशा निघाला. निळा, हिरवा, पिवळा. गावाच्या उंचसखल भागांचा असतो तसाच. जाडी ५१२ मायक्रॉन. मी घरूनच हिशोब वाचून गेले होते. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबराला साधारण बारा मायक्रॉन उडतात, म्हणजे साडेपाचाला सहासष्ट. वरची पापुद्र्यासारखी झडप, म्हणजे फ्लॅप, एकशेदहाची. खाली उरले ३३६. निदान २५० तरी उरले पाहिजेत असा दंडक आहे. म्हणजे मी पास!

मॅडमनी उजव्या डोळ्याच्या नकाशाच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. तिथे नारिंगी-लाल डाग होता. "इथे चढ जास्त आहे. वरचा आणि खालचा भाग सारखा नाही. आज तुम्हाला आजार आहे असं मी म्हणत नाही. पण ही केराटोकोनसची सुरुवात असू शकते. या डोळ्यावर लेझर केलं आणि कॉर्निया ढिला पडून पुढे फुगला, तर चष्म्यानेही नीट दिसणार नाही. मी करणार नाही. तुम्ही दुसरीकडेही करू नका. डोळे चोळायची सवय असेल तर ती आजपासून बंद. सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढू."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बाहेर येऊन चहा घेतला. तेव्हा लक्षात आलं, की आयुष्यात मला मिळालेला हा बहुधा पहिला नकार होता जो मला पाहून, मोजून, कारण सांगून दिलेला होता.

कारण माझा खरा पहिला नकार फार जुना आहे. शाळेत मी मागच्या बाकावर बसायचे. फळ्यावरचं दिसायचं नाही, म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवायचे. एका गुरुजींनी भर वर्गात सांगितलं होतं, "यांच्या डोक्यात शिरतच नाही." 'हिच्या' नाही, 'यांच्या'. आम्ही वस्तीतल्या तिघी एकाच बाकावर होतो. आठवीत एका शिबिरात डोळे तपासले, तेव्हा नंबर तीनवर गेलेला. साधा चष्मा लागला आणि त्याच वर्षी मी वर्गात पाचवी आले. डोकं तेच होतं. कोणी डोळे मोजले नव्हते, एवढंच. जात मोजत नाही, गृहीत धरते. ही गोष्ट मला पुस्तकाआधी फळ्याने शिकवली.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितलं होतं, की या मसुद्याने गाव हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक मानला याचा त्यांना आनंद आहे. त्या भाषणाची आठवण मला त्या रंगीत नकाशाने करून दिली. व्यक्ती हा घटक मानणं म्हणजे काय? माझा कॉर्निया माझ्या नावावर मोजणं. सरासरीवर नाही, खणावर नाही. कस्टम लेझरमधलं 'कस्टम' तेवढंच आहे. पण बाजारात ते नव्वद हजारांना मिळतं. विम्यातही साडेसातपेक्षा कमी नंबराच्या दृष्टिदोषावरचा खर्च सरसकट वगळलेला असतो. ज्याच्याकडे पैसा, त्याचे बावीस हजार बिंदू मोजले जातात. ज्याच्याकडे नाही, त्याच्या पोरीचं फळ्यावरचं एक अक्षरही कोणी तिला वाचायला लावत नाही.

इथे कोणी मला अडवेल : "व्यक्ती हा घटक म्हणता, मग आरक्षण जातीच्या नावाने का मागता?" हा प्रश्न मला ओपीडीच्या रांगेतसुद्धा विचारला गेला आहे. उत्तर सरळ आहे. कॉर्नियाचा चढ माझा एकटीचा आहे, म्हणून तो एकटीचा मोजायचा. मागच्या बाकावर बसवणं मात्र एकटीला नव्हतं, ते 'यांना' होतं. जी जखम समूह पाहून केली, तिचा हिशोब समूह पाहूनच करावा लागतो. दोन्हीकडे तत्त्व एकच : इजा जिथे झाली, माप तिथे लावा. गुणवत्तेच्या नावाने ओरडणाऱ्यांनी आधी सांगावं, की त्यांनी आमची गुणवत्ता मोजली कधी?

दुसरा आक्षेप रेल्वेचा. लोको पायलटच्या मागे शेकडो प्रवासी बसलेले असतात. रात्रीच्या अंधारात सिग्नल चुकला तर काय? आक्षेप बरोबर आहे. लॅसिकनंतर काहींना रात्री प्रकाश पसरलेला दिसतो, हे मी वर सांगितलंच. म्हणून मी सवलत मागतच नाही. मी परीक्षा मागते. ए-वन मानकात रात्रीची आणि मंद उजेडातली दृष्टी तपासण्याची तरतूद आहेच. शस्त्रक्रिया झालेल्याची तीच चाचणी हवी तर दुप्पट कडक घ्या. त्याचा नकाशा काढा, ठरावीक काळ थांबून पुन्हा काढा. नापास झाला तर कारण लिहून द्या. पण न बघता दार लावू नका. मला मिळाला तसा नकार माझ्या भावालाही मिळायला हवा होता.

नियम बदलेपर्यंत मात्र नियम आहे, हे आपल्या पोरांनी ओळखावं. भरतीची तयारी करणाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी त्या पदाची वैद्यकीय मानकं स्वतः वाचा. काउन्सिलरच्या तोंडी शब्दावर आईचं कर्ज काढू नका. लपवून निभेल असंही समजू नका. भिंगातून पाहताना फ्लॅपची कड दिसू शकते आणि नकाशात सपाट केलेला भाग दिसतो. चष्म्यासह चालणारी पदं आहेत. रेल्वेच्याच बी-वन मानकात चारपर्यंतच्या नंबराचा चष्मा चालतो. आणि नोकरीसाठी नाही, स्वतःसाठी लेझर करायचं असेल तर अठरा पूर्ण हवीत, नंबर वर्षभर स्थिर हवा, आणि पैसे भरण्याआधी नकाशा डॉक्टरकडून समजून घ्या. 'नाही' म्हणू शकणारा डॉक्टर शोधा. सवलतीची तारीख सांगणारा नको.

राहिलं ते आपलं स्वतःचं काम. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात, डोळेही पाहतात. त्या दिवशी गैरहजर राहिलेली पोरं बहुतेक आपलीच असतात. कापूस वेचायला गेलेली, धाकट्याला सांभाळत घरी राहिलेली. म्हणून आम्ही विहारात रविवारी सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता लावतो. ज्याला खालच्या ओळी दिसत नाहीत त्याचं नाव लिहून घेतो आणि सोमवारी त्याला ओपीडीत नेतो. खर्च तक्त्याचा आणि ऑटोचा.

भावाने आता टेक्निशियनचा अर्ज भरला आहे, चष्म्यासह. परवा रविवारी तक्त्यासमोर पोरांची रांग तोच लावत होता. एक पोरगी तिसऱ्याच ओळीला अडली, तशी मागची पोरं हसली. भाऊ त्यांच्याकडे वळून म्हणाला, "हसता काहून? तिले येत नाई असं नाई. तिले दिसत नाई."

जय भीम.