दोन खोल्या, चार खाटा

एम.एस्सी.ला असताना ऑक्सिजनच्या रेणूच्या अवस्था काढायला बसले, तर कागदावर बारा मांडण्या झाल्या. हव्या होत्या सहा. चूक सापडायला अख्खी संध्याकाळ गेली. मी इलेक्ट्रॉनांना नावं दिली होती. 'क' इकडे, 'ख' तिकडे, मग अदलाबदल करून पुन्हा तेच. निसर्गाच्या हजेरीपटावर अशी नावंच नाहीत.

हिशेब चाळीतला. बाकीचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसून जातात. उरतात दोन, आणि त्यांच्या वाट्याला सारख्याच ऊर्जेच्या दोन खोल्या, म्हणजे पाय-स्टार कक्षकं. एका खोलीतला इलेक्ट्रॉन रेणूच्या अक्षाभोवती डावीकडून फिरतो, दुसऱ्या खोलीतला उजवीकडून. दर खोलीत दोन खाटा, एक वरच्या फिरकीची, एक खालच्या. चार खाटा, दोन बिननावाचे भाडेकरू: सहा प्रकार.

दोघं एकाच खोलीत असले तर फिरण्याची दिशा एक, पण फिरक्या उलट. असे दोन प्रकार. ही अवस्था म्हणजे सिंगलेट डेल्टा. दोघं वेगळ्या खोल्यांत असले तर फिरणं एकमेकांना काटतं आणि चार प्रकार उरतात: तीन मिळून ट्रिपलेट सिग्मा, एकटा उरलेला सिंगलेट सिग्मा. सिग्माच्या माथ्यावर अधिक की उणे, यात मात्र भले भले घसरतात. ट्रिपलेटला उणे, सिंगलेटला अधिक, आणि त्यामागे पाउलीचा नियम आहे. पाठ करून मात्र ते टिकत नाही.

हुंडच्या नियमाने ट्रिपलेट सगळ्यात खाली. डेल्टा तिच्यावर 0.98 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिंगलेट सिग्मा 1.63. पत्ता एकच, बिऱ्हाडं तीन. पुस्तकं 'दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन, म्हणून चुंबकाकडे ओढला जातो' एवढ्यावर उरकतात, याचा मला राग येतो. 1891 साली ड्यूअरने द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांना चिकटलेला दाखवला. त्याचं कारण मलिकन आणि लेनर्ड-जोन्स यांच्या कक्षकांतून कळायला 1920चं दशक सरत आलं. आणि लाकूड, कागद, आपली कातडी यांतले इलेक्ट्रॉन जोडीत, हवेतला ऑक्सिजन ट्रिपलेट; फिरकीचा मेळ सहजी बसत नाही, म्हणून काडी ओढल्याखेरीज भडका उडत नाही.

डेल्टा डोळ्यांनी पाहिली ती पुढे शिकवायला लागल्यावर. प्रयोगशाळेचे पडदे ओढले, अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये क्लोरीन सोडला, आणि फ्लास्क निखाऱ्यासारखा लाल झाला. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, डेल्टा खाली आली तर 1270 नॅनोमीटरचा प्रकाश यायला हवा. तो दिसेल कसा?" मी म्हटलं, दोन डेल्टा रेणू भिडतात, आणि दोघांची ऊर्जा एकाच फोटॉनमधून बाहेर पडते. त्याने अंधारातच वहीच्या कडेला भागाकार केला, मोबाइलच्या उजेडात पाहिला आणि मान डोलावली. 635. तास संपल्यावर दाराशी पुन्हा आला.

"मॅडम, पुस्तकात 634 आहे."