खुकरी : एका नावाच्या दोन नौका

१/ छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथल्या इतिहासप्रेमी तरुणाची युद्धनौकांशी ओळख होते ती बहुधा आकड्यांतून : टनभार, वेग, क्षेपणास्त्रांचा पल्ला. ‘आयएनएस खुकरी’ची कथा मात्र या आकड्यांत मावत नाही.

२/ ९ डिसेंबर १९७१. दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर होत्या. ‘खुकरी’वर सोनार यंत्रणेतील एका सुधारणेची चाचणी चालू होती. पाण्याखालचा क्षीण ध्वनी टिपता यावा म्हणून वेग कमी ठेवला गेला. शत्रूचा माग लागावा यासाठी स्वीकारलेल्या या संथपणामुळे नौका स्वतःच सोपे लक्ष्य ठरली.

३/ रात्री नऊच्या सुमारास ‘हंगोर’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘खुकरी’चा वेध घेतला. काही मिनिटांतच नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली जगातील ही पहिली युद्धनौका.

४/ कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना नौका सोडण्याची आज्ञा दिली. स्वतःचे लाइफ जॅकेट एका नौसैनिकाच्या हाती दिले आणि ते मागेच राहिले. त्यांनी नौकेबरोबर जावे अशी सक्ती कोणी केली नव्हती. इतकी माणसे आत अडकलेली असताना आपण बाहेर पडावे, हे त्यांना मान्य झाले नसावे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

५/ पहिली ‘खुकरी’ इंग्लंडमध्ये बांधलेली होती. दुसरी मुंबईच्या माझगाव गोदीत घडली आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात दाखल झाली. ३२ वर्षांच्या सेवेनंतर, २३ डिसेंबर २०२१ रोजी ती निवृत्त झाली.

६/ पाण्याखालच्या शत्रूचा प्रश्न मात्र संपलेला नाही. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे ‘आयएनएस अर्नाळा’ दाखल झाली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या १६ नौकांपैकी ही पहिली. तिचे नाव वसईजवळच्या मराठेकालीन जलदुर्गाचे आहे.

७/ निवृत्त ‘खुकरी’ आता दीवला संग्रहालय म्हणून जतन केली आहे. तिची तोफ, तिची क्षेपणास्त्रे जरूर पाहावीत. मग क्षणभर समुद्राकडे वळावे. पहिली ‘खुकरी’ त्याच पाण्यात, आपल्या माणसांसह विसावली आहे.