किन्हीराजा येथील दोन खेळ

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव नागपूर-औरंगाबाद या जुन्या हमरस्त्यावर आहे. तेथे यजमानांच्या ओसरीवर वडील मंडळींचा सोंगट्यांचा पट मांडलेला असे, आणि मुले मोबाइलवरील खेळांत गढलेली असत. शंभर वर्षांनी यांपैकी कोणता खेळ लोकांस कळेल, असा प्रश्न आमच्या मनात आला.

पटाची फारशी चिंता नाही. याच रस्त्याने पश्चिमेस लागणाऱ्या औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ साली ‘क्रीडाकौशल्य’ रचून आपल्या जुन्या खेळांचे वर्णन संस्कृतात करून ठेविले आहे. व्हिडिओ गेमची गोष्ट निराळी. यंत्र बंद पडले की खेळही लोपतो. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या अशा खेळांपैकी ८७ टक्के बाजारातून नाहीसे झाले आहेत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले. म्हणूनच ही संस्था जुनी मासिके, जाहिराती व खेळ रचणाऱ्यांची कागदपत्रेही अभ्यासकांसाठी जपते.

आपल्याही माळ्यावर टीव्हीला जोडावयाच्या खेळांच्या कॅसेटी पडून असतील. त्या मोडीत घालण्यापूर्वी सोबतचे माहितीपत्रक जपून ठेवावे, आणि घरात तो खेळ कोण, कधी व कसा खेळे, हे चार ओळींत लिहून ठेवावे, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.