दुसरे कुणी नाही ना?

वर्गात मी नेहमी सांगतो, विशेषण जपून वापरावे. नाम खोटे बोलत नाही. खोटे बोलते ते विशेषण. माझाच हा धडा यंत्राने मला शिकवावा, ही मात्र गंमतच!

दिवाळीच्या सुटीत लेक परतूरला आली होती. ती लॅपटॉपवर ‘सी’ भाषेत काही लिहीत होती आणि शेजारी मी तलाठ्याकडे द्यायचे प्रतिज्ञापत्र लिहीत होतो. आईमागोमाग वडीलही गेले. जमिनीला वारस दोन : मी आणि धाकटा भाऊ.

“बाबा, कंपायलर मला विशेषण सुचवतोय!”

कंपायलर म्हणजे आपले लिहिणे यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी. हिचा दुभाषी ‘जीसीसी’, १९८७ सालचा. ही सूचना मात्र तो २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून देतो, तीही मागितली तरच. तिचे एक फंक्शन स्मृतीत जागा मागून तिचा पत्ता परत देत होते. कंपायलर म्हणाला, याला बहुधा ‘मॅलॉक’ हे विशेषण शोभेल. अर्थ असा, की ही जागा कोरी आहे; दुसरे कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही. असे लिहून दिले, की तो पुन्हापुन्हा खातरजमा करीत नाही आणि काम झपाट्याने होते.

“मग तो स्वतःच का लिहीत नाही?”

“तो ‘बहुधा’ म्हणतोय, बाबा. हमी मी द्यायची. खोटी दिली, तरी तो निमूट विश्वास ठेवणार आणि चूक भलतीकडेच उगवणार.”

मग म्हणाली, ‘रिअ‍ॅलॉक’ला हे विशेषण चालत नाही. ते आधीचीच जागा वाढवून देते. पत्ता नवा मिळाला, तरी आतला संसार जुनाच.

माझे लक्ष माझ्या कागदाकडे गेले. सातबाऱ्यावर नवी नावे चढणार होती, जमीन जुनीच. तिच्यात अक्काचे बालपण होते. १९५६ च्या कायद्याने मुलगी बापाची वारस आहे; २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची झाली. हे ठाऊक असून मी लिहिले होते, “याखेरीज अन्य वारस नाही.” अक्का कधी काही मागत नाही, एवढाच माझा आधार! यंत्राने निदान ‘बहुधा’ म्हटले होते.

खाडाखोडीचा कागद चालत नाही, हे मला माहीत होते. तरीही आधी ‘दोन’ खोडून ‘तीन’ केले, आणि मग नवा कागद आणायला निघालो.