पपाच्या वेळची बाटली

लाँग वीकेंडला गोवा म्हटलं की आपली गाडी थेट कळंगुट-बागाकडे सुटते. या वेळी जरा आत वळा. आसगाव, साळगाव किंवा फेरीबोटीतून दिवाडी बेट. शिंपल्यांच्या खिडक्या, लाल कौलं, पुढे बसायला ऐसपैस बाल्कांव. यातली बरीच घरं आता होमस्टे झालीत. आणि हॉलमध्ये हमखास दिसतं ते काचेचं जुनं कपाट.

कपाटात खालच्या फळीवर, क्रोकरीच्या मागे, बाटल्या असतात. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य होतं, त्यामुळे पोर्ट वाइन आणि ब्रँडी घराघरांत रुळलेली. शिवाय जहाजावर नोकरी करणाऱ्या काकाने आणलेली स्कॉच. दुसऱ्या संध्याकाळी गप्पा रंगल्या की यजमान म्हणतात, ‘घ्या हो, पपाच्या वेळची आहे!’ आता काय करायचं?

साधा नियम : वय विचारू नका, सील बघा.

फेणीचंच घ्या. मार्च ते मे हा काजूचा मोसम. बोंडू तुडवायचे, रस आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिली धार म्हणजे हुर्राक. ती सौम्य, त्याच मोसमात संपवायची. गेल्या वर्षीची कोणी दिली तर हसून नको म्हणा. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, चाळीसच्या वर टक्के अल्कोहोल. एवढ्या अल्कोहोलमध्ये जंतू टिकत नाहीत. म्हणून पोटफुग्या काचेच्या बुधल्यात ती वर्षानुवर्षं राहते.

स्कॉच, रम, ब्रँडीचंही तेच. बूच सुकलं तर पातळी खाली येते, वास उडतो, चव फिकी पडते. मजा जाते, जीव नाही. अर्थात काचेत ती ‘मुरत’ही नाही, बारा वर्षांची स्कॉच तीस वर्षांनीही बारा वर्षांचीच! सीलबंद पोर्ट दमदार, कारण तिच्यात वीसेक टक्के अल्कोहोल असतं. साधी वाइन मात्र गोव्याच्या उकाड्यात बहुधा व्हिनेगरच्या वाटेला लागलेली असते. तोंड वाकडं होईल, इतकंच. क्रीम लिकरमध्ये दूध असतं. आयुष्य साधारण दोन वर्षं. गुठळ्या दिसल्या की सिंक जवळ करा.

मग घाबरायचं कशाला? दोन गोष्टींना.

पहिली, कपाटातला तो देखणा क्रिस्टलचा डिकँटर. जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि महिनोन् महिने ठेवलेल्या दारूत ते हळूहळू उतरतं. त्यातली जुनी दारू नकोच.

दुसरी, सील तुटलेली किंवा बिनलेबलची बाटली. आत कोणी, काय, कधी भरलं हे सांगणारा माणूस नसेल तर हात लावू नका. बंद बाटलीत नुसत्या वयाने मेथनॉल तयार होत नाही. ते येतं भेसळीतून. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. ती दारू काही जुनी नव्हती. आणि मेथनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही, तेव्हा ‘जरा हुंगून बघतो’ हा बहाद्दरपणा तिथे कामाचा नाही. पिऊन काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीसुद्धा, नजर धूसर झाली तर हँगओव्हर समजून झोपू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

बाकी सील शाबूत, लेबल वाचता येतंय, उजेडात धरल्यावर आतलं स्वच्छ दिसतंय? मग ग्लास पुढे करा, यजमानांच्या पपाच्या नावाने चिअर्स म्हणा. बुचाचा चुरा पडला तर गाळून घ्या. शंका आली तर बाटली परत कपाटात ठेवा आणि तिची गोष्ट तेवढी ऐका. गोव्यात फ्रेश फेणीला तोटा नाही!